नागपुरातल्या स्कॉटिश मिशनच्या जागा इंग्रज सरकारने जप्त केल्या होत्या का?

सदरवासी: पहिल्या महायुद्धात सरकारने परदेशी मिशनांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, एवढं माहीत आहे. पण नागपुरात? स्कॉटिश मिशनच्या एका भूखंडाच्या कागदांत १९०० आधी एक नाव, १९३० नंतर दुसरं, आता तिसरंच. मधलं खरेदीखत मिळत नाही. सरकारने जागा घेऊन दुसऱ्याला दिली, असं धरायचं का?

जुनी_मिसल: नाही जी. जप्ती जर्मन मिशनांची झाली, स्कॉटिश तर ब्रिटिशच! गोंधळ बहुधा छोटा नागपूरमुळे, म्हणजे आताच्या झारखंडातल्या रांचीकडच्या भागामुळे. रांचीचं गॉस्नर मिशन जर्मन होतं आणि 'नागपूर मिशन' शोधलं की त्याच्याच फायली पुढे येतात.

नावं बदलली ती स्कॉटलंडातल्या भाऊबंदकीमुळे. १८४३ मध्ये तिथलं चर्च फुटून फ्री चर्च निघालं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले ते फ्री चर्चतर्फे. १९०० मध्ये फ्री चर्चचा मोठा भाग युनायटेड फ्री चर्चमध्ये गेला. मूठभर लोक बाहेर राहिले, कोर्टात गेले, आणि १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, मालमत्ता त्या मूठभरांचीच ठरवली! वाटणीसाठी १९०५ मध्ये कायदा करून आयोग नेमावा लागला. १९२९ मध्ये युनायटेड फ्री चर्चचं चर्च ऑफ स्कॉटलंडशी विलीनीकरण झालं. तिसरं नाव चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं असेल, जे अनेक प्रोटेस्टंट चर्चं एकत्र येऊन झालं. त्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच झाली. तेव्हा खरेदीखत शोधू नका. विश्वस्त बदलल्याचा दस्त, मुखत्यारपत्र, फेरफाराची नोंद पाहा.

कौलारू: जर्मन मिशनांबद्दल भर घालतो. बासेल मिशनचं मुख्यालय स्वित्झर्लंडात, पण माणसं बहुतेक जर्मन, म्हणून तेही शत्रूच्या यादीत. त्याचे मंगळूर-कालिकत भागातले कौलांचे आणि विणकामाचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट कंपनीकडे गेले. व्हर्सायच्या तहाचं ४३८वं कलम मुद्दाम वाचा: मिशनची मालमत्ता मिशनकार्यालाच लागावी, ज्या व्यापारी संस्थांचा नफा मिशनला जातो त्यांचीही, आणि ती त्याच पंथाच्या विश्वस्तांकडे द्यावी. १९२१ मध्ये हिंदुस्थान सरकारने त्यासाठी वेगळा कायदाही केला. म्हणजे जप्ती असली तरी लिलाव करून पैसे खजिन्यात, असा सरळ मामला नव्हता. रांचीच्या मंडळ्यांनी तर जुलै १९१९ मध्ये आपलं चर्च स्वायत्त जाहीर केलं.

सदरवासी: बरं, मग कागद कुठून सुरू करू?

जुनी_मिसल: आधी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि सत्ताप्रकार, म्हणजे जमीन मालकीची की पट्ट्याची, ते बघा. नझूल पट्टा, म्हणजे सरकारी जमिनीचा भाडेपट्टा, असेल तर जमीन सरकारचीच. शाळेसाठी घेतलेल्या जागेवर दुकानं काढली की शर्तभंग. कामठीची जागा असेल तर छावणीचे कागद वेगळे तपासावे लागतील.

पत्रिकेवरून मूळ पट्ट्याचा क्रमांक मिळाला की पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात जा. नागपूर तेव्हा मध्यप्रांतात होतं, म्हणून शोध मध्यप्रांत सचिवालयाच्या फायलींत घ्या, मुंबई इलाख्याच्या नाही. इथेच बरेच जण चुकतात.

मग धर्मादाय कार्यालयातून न्यासाच्या परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदणीचा, उतारा. आखीव पत्रिकेवरचं नाव आणि त्यातलं नाव जुळत नसेल तर थांबा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतल्या ब्रदरन चर्चच्या प्रकरणात हेच ठरवलं: विलीनीकरणाचा नुसता ठराव झाला म्हणून मालमत्ता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे जात नाही, सोसायटी आणि विश्वस्त कायद्यांची प्रक्रिया पुरी व्हावी लागते. अन् विक्रीचा विषय असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी, इसारपावती नंतर.