चीनचा माल स्वस्त, की माझी उधारी फुकट?

लेथवाला_मकरपुरा:
काल 'लँडेड_कॉस्ट' यांनी इथं लिहिलं की त्यांनी ट्रान्सफॉर्मर बुशिंगचे पितळी स्टड चीनमधल्या निंगबोहून मागवले, दारात नगाला ५१ रुपयांना पडले, आपल्या बडोद्याच्या मकरपुऱ्यात भाव ६२. वर सल्ला दिला की जॉबवर्कवाल्यांनी रडणं थांबवावं, धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

साहेब, ६२ हा जवळपास माझाच भाव. तुमचा निंगबोवाला पीओबरोबर, म्हणजे ऑर्डरच्या कागदाबरोबरच, ३० टक्के घेतो, उरलेले ७० बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे बोटीच्या पावतीची, कॉपी दाखवून. माल बोटीवर, पैसे त्याच्या खिशात. माझा माल तुमच्या गेटात शिरतो, माल मिळाल्याची नोंद (जीआरएन) होते, आणि मग १२० दिवस अकाउंट्सचं गुजरातीत एकच वाक्य, "पैसा मळी जशे", मिळतील पैसे. जामनगरवाला मला रॉड रोखीनेच देतो. म्हणजे तुमच्या धंद्याला भांडवल मी पुरवायचं आणि स्वस्त म्हणून कौतुक त्याचं.

एक किस्सा. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात, सातवी माळ, रात्री नऊला एका कंपनीच्या परचेसमधून फोन. इंपोर्टेड लॉटमधल्या १२०० नगांवर नट चढत नाहीत, सोमवारी डिस्पॅच. गेलो. आटे तपासायचं गो गेज शेवटपर्यंत अलगद फिरायला हवं, ते दुसऱ्याच आट्याला अडकलं. दोन लेथ, दोन रात्री, १२०० नगांच्या आट्यांवर पुन्हा डाय मारली, एकेकाची बर, म्हणजे कडेची कूस, काढली. बाहेर गरब्याचा लाउडस्पीकर, आत आम्ही तिघं. पैसे १४० दिवसांनी आले. त्यातही प्लेटिंगवर ओरखडे आले म्हणून डेबिट नोट, म्हणजे बिलातून कापाकापी.

लँडेड_कॉस्ट:
किस्सा छान. आता हिशेब. ६२ रुपयांवर १२० दिवसांचं व्याज, १४ टक्क्यांनी, होतं २ रुपये ८५ पैसे. फरक ११ चा आहे. बाकीचे आठ कुठल्या खात्यात टाकू, भावनेच्या?

आणि आपल्याच शहरात एअरबसच्या सी-२९५ या लष्करी विमानाचा कारखाना आला, ५६ पैकी ४० विमानं इथं बनणार, तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. एअरबसने 'आमचं स्पेनमधलं सेव्हिलच बरं' म्हटलं असतं तर? दुसऱ्याने काम बाहेर दिलं की विकास, मी दिलं की पाप!

लेथवाला_मकरपुरा:
आठांचं सांगतो. किमान लॉट २०,००० चा, तो तीन महिने गोदामात पडून. आगाऊ दिलेले पैसे बोटीबरोबर हिंडतात. खराब माल निंगबोला परत जात नाही, माझा मात्र स्कूटरवर घालून परत पाठवता. हे धरून आणखी चार निघतील. उरलेल्या चारांचं उत्तर माझ्याकडे नाही. त्याच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारी नवी सीएनसी, माझी एक लेथ अजून वडिलांच्या वेळची. झालं समाधान?

साखळीतली_कडी:
१ फेब्रुवारी १९९७ आठवा. टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिनचा जपानमधल्या कारियातला कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, साठा जेमतेम. टोयोटाच्या लाइनी बंद पडल्या. मग आसपासच्या दोनशेच्या वर कंपन्या धावल्या, शिलाई मशीनवाली ब्रदरसुद्धा व्हॉल्व्ह करायला बसली, आणि आठवड्याभरात गाड्या निघू लागल्या. अडचणीला शेजारचा लेथवाला लागतो, निंगबो नाही.

लँडेड_कॉस्ट:
उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत, आभार. तो कारखाना जपानातच होता, आणि एकट्यावर भिस्त ठेवली म्हणून तर गाडी अडली. मी तर म्हणतोय दोन ठिकाणांहून घ्या.

लेथवाला_मकरपुरा:
दुसरं ठिकाण म्हणजे मी ना? रात्री नऊनंतरचं?

सयाजीनगरी:
१९०७ साली इथं अलेंबिक ही औषधांची कंपनी उभी राहिली, संस्थापकांत आपले कोटिभास्कर होते. १९०८ ला सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली, कारण...

भाजणी:
आले महाराज! कुठलाही धागा असो, दहाव्या प्रतिसादाच्या आत येतातच.

सयाजीनगरी:
पूर्ण वाचा तरी, ताई. कारखान्याला खेळतं भांडवल लागतं हे महाराजांना कळत होतं. आज त्या बँकेचं काम लेथवाले करतायत, तेही बिनव्याजी. एवढंच म्हणत होतो.

एकतीस_मार्च:
सीए म्हणून एक सांगतो. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) वाचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत. मुदत चुकली आणि ३१ मार्चलाही बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, नफ्यात धरून त्यावर कर. मध्यम उद्योगाला आणि नुसत्या व्यापाऱ्याला हे लागू नाही.

लेथवाला_मकरपुरा:
अहो सीएसाहेब, तो कायदा आला तेव्हा मीही आनंदाने उद्यमचं, म्हणजे सरकारी लघुउद्योग नोंदणीचं, सर्टिफिकेट प्रिंट करून बिलाला जोडलं. पुढच्या आठवड्यात एका परचेसवाल्याने बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, "उद्यमचं रजिस्ट्रेशन रद्द करून टाका, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला जाईल."

पोर_रमणगामडी:
मला तर सांगितलं की माल अमक्या ट्रेडरला विका, आम्ही त्याच्याकडून घेऊ. माल माझ्याच टेम्पोतून त्यांच्याच गेटात जातो, फक्त बिल फिरून येतं.

एकतीस_मार्च:
तक्रार करा मग. थकलेल्या बिलांसाठी सरकारी पोर्टल आहे, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मिळतं.

पोर_रमणगामडी:
तुम्ही कधी केलीय तक्रार? तुमची फी तर आगाऊ असते! पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. ही आपली विश्वामित्री नदी आहे, इथं मगरी आहेत.

एकतीस_मार्च:
माझी फी आगाऊ? गेल्या वर्षीची तुमच्याच इस्टेटमधल्या चौघांकडे बाकी आहे. नावं टाकू?

भाजणी:
नावंच टाकायची तर मीही टाकते. इथं स्वदेशीवर तावातावाने लिहिणारे दोघं चकली पुण्याहून कुरियरने मागवतात, तिथं क्यूआर स्कॅन केल्याशिवाय डबा हलत नाही. माझ्याकडून दांडिया बाजारात घेतात तेव्हा, "काकू, दिवाळीनंतर देतो हं." एकीचे दोन किलो अनारशांचे पैसे संक्रांतीला आले, तेही तिळगुळाबरोबर, हसत हसत.

लँडेड_कॉस्ट:
काकू, मी नव्हे.

भाजणी:
तुम्ही शेव घेता. पाव किलो. रोख.

लँडेड_कॉस्ट:
तेवढं पुण्य आहे पदरी. आता ऐका. मलाही कोणी हातात पैसे ठेवत नाही. परराज्यातली एक वीज कंपनी टेंडर सगळ्यात खालच्या भावाला देते आणि पैसे सहा महिन्यांनी. तिथं मी भांडू शकत नाही, म्हणून इथं ताणतो. हे बरोबर आहे असं म्हणत नाही. पण ११ रुपये सोडले तर टेंडर शेजारचा मारतो.

लेथवाला_मकरपुरा:
शेवटी खरं बोललात. म्हणजे माझा भाव महाग नाही, तुमची टांगलेली बिलं महाग आहेत.

लँडेड_कॉस्ट:
चार रुपयांनी महाग आहातच, तुम्हीच कबूल केलंय. बरं, ५८ ला करता? ४५ दिवसांत पैसे.

लेथवाला_मकरपुरा:
५८ ला करतो. निंगबोवाल्याला देता तसे ३० टक्के पीओबरोबर, बाकी १५ दिवसांत, लेखी.

लँडेड_कॉस्ट:
अकाउंट्सला विचारून सांगतो.

लेथवाला_मकरपुरा:
विचारा. काय म्हणतील ते पाठ आहे मला, गुजरातीतच.