एक्स-विंग एका घराने हुकली, तर पुढे काय करावे?

पेन्सिलवाला यांचा प्रश्न

वर्तमानपत्रात येणारी 'कठीण' श्रेणीची सुडोकू मी आता अर्ध्या तासाच्या आत सोडवतो. परंतु मुलीने वाढदिवसाला दिलेल्या अतिअवघड कोड्यांच्या पुस्तकात पाचव्याच पानावर गाडी अडली आहे. उघड्या जोड्या (दोन घरांत तेच दोन अंक उरणे), लपलेल्या जोड्या (दोन अंकांना तीच दोन घरे उरणे), तशाच तिकड्या, चौकटीतील एखादा अंक एकाच ओळीत अडकला असेल तर त्या ओळीतील चौकटीबाहेरच्या घरांतून तो खोडणे, आणि शेवटी एक्स-विंग (दोन ओळींत एका अंकाच्या दोन-दोनच जागा आणि त्याही त्याच दोन स्तंभांत असणे), एवढे सगळे करून झाले आहे. प्रत्येक रिकाम्या घरातील शक्यता पेन्सिलीने लिहून दोनदा पडताळल्या आहेत.

अडलेली जागा सांगतो. ओ२स्त३ म्हणजे वरून दुसरी आडवी ओळ आणि डावीकडून तिसरा स्तंभ, असे समजावे. अंक ७ दुसऱ्या ओळीत फक्त ओ२स्त३ किंवा ओ२स्त८ येथे बसू शकतो आणि सहाव्या ओळीत फक्त ओ६स्त३ किंवा ओ६स्त९ येथे. दोन्ही ओळींची उजवी टोके एकाच स्तंभात असती तर एक्स-विंग जमली असती. ती एका घराने हुकली आहे. ओ१स्त९ मध्ये ४ आणि ७ या दोन शक्यता उरल्या आहेत; ओ४स्त८ मध्येही इतर अंकांबरोबर ७ आहे. मधल्या भागात दोनच शक्यता उरलेली तीन घरे आहेत: ओ५स्त५ (२, ६), ओ५स्त२ (२, ९) आणि ओ४स्त६ (६, ९).

नाइलाजाने मी ओ१स्त९ मध्ये ७ लिहून पुढे जाऊन पाहिले. अकरा घरे भरल्यावर एका स्तंभात दोन ३ आले, म्हणून तेथे ४ असणार हे कळले. माझे एक स्नेही याला अंदाजपंचे म्हणतात आणि असे सोडवलेले कोडे ते सुटलेले धरत नाहीत. या जागी शुद्ध तर्काने पुढे जाण्याचा मार्ग आहे काय? आणि मी जे केले तो खरोखरच अंदाज होता काय?

दुवेजोड यांचे उत्तर

मार्ग आहे, आणि तो आपण स्वतःच लिहून ठेवला आहे. आपण जिला हुकलेली एक्स-विंग म्हणता, ती स्वतंत्र आकृती असून तिला स्कायस्क्रेपर असे नाव आहे. एकाच पायावर उभ्या असलेल्या, पण उंचीने थोड्या वेगळ्या दोन इमारतींवरून हे नाव पडले. आपल्या कोड्यात त्या इमारती आडव्या पडल्या आहेत, म्हणून त्या चटकन ओळखू येत नाहीत.

तर्क असा आहे. ओ२स्त३ आणि ओ६स्त३ ही दोन्ही घरे तिसऱ्या स्तंभात असल्यामुळे दोन्हींत ७ असू शकत नाही. म्हणजे त्यांपैकी किमान एका घरात ७ नाही. ओ२स्त३ मध्ये तो नसेल तर दुसऱ्या ओळीतील ७ ला ओ२स्त८ शिवाय जागा नाही, आणि ओ६स्त३ मध्ये नसेल तर सहाव्या ओळीतील ७ ला ओ६स्त९ शिवाय जागा नाही. यांपैकी नेमके काय घडते हे आपल्याला माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. ओ२स्त८ आणि ओ६स्त९ यांपैकी किमान एका घरात ७ आहे, एवढे पुरे. मग जी घरे या दोन्ही टोकांच्या दृष्टिपथात आहेत, म्हणजे ज्यांची प्रत्येक टोकाशी ओळ, स्तंभ किंवा चौकट समान आहे, त्यांत ७ असणे अशक्य ठरते. अशी घरे ओ१स्त९, ओ३स्त९, ओ४स्त८ आणि ओ५स्त८ ही आहेत. ओ१स्त९ मध्ये ४ येतो. अकरा घरांचा प्रवास करायची आवश्यकता नव्हती.

आता थोडे विस्ताराने लिहितो, कारण अशा पुस्तकांतून वीस-पंचवीस आकृत्यांची नावे पाठ करायला लावतात आणि त्यांच्या मुळाशी असलेली एकच गोष्ट सांगायची राहते. शक्यतांमध्ये दोन प्रकारचे दुवे असतात. एखाद्या ओळीत, स्तंभात किंवा चौकटीत एका अंकाला दोनच जागा उरल्या असतील, तर एका जागी तो नसताच दुसऱ्या जागी असावाच लागतो. याला मी दृढ दुवा म्हणतो. दोनच शक्यता उरलेल्या घरातील त्या दोन अंकांमध्येही दृढ दुवाच असतो. याउलट एकाच ओळीतील तीन-चार जागांपैकी कोणत्याही दोन घेतल्या, तर एका जागी अंक असल्यास दुसऱ्या जागी तो नसतो, एवढेच म्हणता येते. हा सैल दुवा. दृढ, सैल, दृढ अशा आळीपाळीने दुवे जोडत गेलो आणि साखळीचा पहिला व शेवटचा दुवा दृढ असला, तर साखळीच्या दोन टोकांपैकी किमान एक खरे असतेच. ते टोक कोणते, हे ठाऊक नसताना खोडाखोड करता येते, ही या पद्धतीची खरी गंमत आहे. (दोन दृढ दुव्यांच्या मध्ये दृढ दुवा आला तरी चालतो, कारण दोनच जागा असल्या तरी त्या दोन्हींत तो अंक असू शकत नाही, सैल दुवा मात्र दृढाच्या जागी कधीही चालत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक चुका येथेच होतात.)

आपला स्कायस्क्रेपर म्हणजे दृढ, सैल, दृढ अशी सर्वांत आखूड साखळी आहे. आपण दिलेली मधली तीन घरे हीसुद्धा साखळीच आहे, फक्त तिच्यात अंक बदलत जातात. ओ५स्त२ मध्ये ९ नसेल तर तेथे २ येतो. मग ओ५स्त५ मध्ये २ येऊ शकत नाही, म्हणून तेथे ६. मग त्याच चौकटीतील ओ४स्त६ मध्ये ६ येऊ शकत नाही, म्हणून तेथे ९. म्हणजे ओ५स्त२ आणि ओ४स्त६ यांपैकी एका घरात ९ आहेच. याला एक्सवाय-विंग म्हणतात. नाव विसरलात तरी बिघडणार नाही.

अप्रत्यक्ष यांचे उत्तर

दुवेजोड यांच्या उत्तरात भर घालण्यासारखे फार थोडे आहे. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

शाळेत दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे हे आपण ज्या पद्धतीने सिद्ध केले, तिला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणत. तेथेही आधी उलट विधान गृहीत धरले जाते आणि विसंगती येताच ते टाकून दिले जाते. तिला कोणी अंदाज म्हणत नाही. त्यामुळे 'काहीतरी गृहीत धरले म्हणजे तर्क अशुद्ध झाला' हा आपल्या स्नेह्यांचा आक्षेप मला मान्य नाही. आपण ओ१स्त९ मध्ये ७ धरून विसंगतीपर्यंत पोहोचलात आणि ४ लिहिलात, हे तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. अंदाज तो, ज्यात माणूस ७ धरतो, विसंगती येत नाही, कोडे सुटते, आणि तो उत्तर मिळाले म्हणून पान उलटतो. तेथे ४ धरले असते तर काय झाले असते याचा त्याने विचारच केलेला नसतो.

फरक आहे तो सौंदर्याचा आणि श्रमाचा. अकरा घरांची वाट डोक्यात मावत नाही, म्हणून कागदावर लिहावी लागते आणि पुढे खोडावी लागते. तीन दुव्यांची साखळी नजरेने धरता येते. स्पर्धांमध्ये मात्र हा प्रश्न उद्भवत नाही. जागतिक सुडोकू अजिंक्यपद स्पर्धा २००६ मध्ये इटलीतील लुक्का येथे सुरू झाली, २००८ मध्ये ती आपल्या गोव्यात आणि २०१७ मध्ये बंगळुरूला झाली. तेथे भरलेली जाळी बरोबर आहे की नाही एवढेच तपासले जाते, त्यामुळे अडल्यावर योग्य घर निवडून दोन वाटा फोडणे हेसुद्धा तेथे कौशल्यच ठरते.

शिवाय काही कोडी अशी असतात की तेथे नावाच्या आकृत्या जवळजवळ निरुपयोगी ठरतात. फिनलंडचे गणितज्ञ आर्तो इंकाला यांचे २००६ मधील 'एआय एस्कार्गो' हे त्यांपैकी प्रसिद्ध. (यातील एआय म्हणजे त्यांची आद्याक्षरे, हल्ली लोकांचा भलताच समज होतो.) त्यात २३ अंक दिलेले आहेत. १७ अंकांची कितीतरी कोडी त्याहून सोपी असतात, त्यामुळे दिलेले अंक मोजून अवघडपणा ठरवू नये.

पेन्सिलवाला

आपणा दोघांचे मनापासून आभार. ओ१स्त९ मध्ये ४ लिहिल्यावर आणखी तीन घरे भरली. त्यानंतर एक्सवाय-विंग वापरून ओ४स्त१, ओ४स्त३, ओ५स्त४ आणि ओ५स्त८ यांतून ९ खोडला.

आता खालच्या भागात ओ७स्त२, ओ७स्त६ आणि ओ९स्त२ या तिन्ही घरांत ३ आणि ८ उरले आहेत, तर ओ९स्त६ मध्ये ३, ५ आणि ८ आहेत. पुस्तकात अशा रचनेला युनिक रेक्टँगल (एकमेव आयत) म्हटले असून चौथ्या घरात ५ लिहायला सांगितले आहे. कारण एवढेच दिले आहे की 'कोड्याला एकच उत्तर असते'. हे मला पटत नाही.

दुवेजोड

आधी एक दुरुस्ती. ओ५स्त८ मधला ९ कृपया परत लिहावा. ते घर ओ५स्त२ च्या ओळीत आहे खरे, पण ओ४स्त६ शी त्याची ओळ, स्तंभ, चौकट यांपैकी काहीच समान नाही. ९ जर ओ४स्त६ मध्ये असेल, तर तो ओ५स्त८ मध्येही असू शकतो. दोन्ही टोके दिसली पाहिजेत. एक दिसून भागत नाही. ओ४स्त१, ओ४स्त३ आणि ओ५स्त४ मधली खोडाखोड बरोबर आहे. तेथे ९ असल्यास ओ४स्त२ आणि ओ५स्त६ मधूनही तो खोडता येईल.

आयताबद्दल: समजा ओ९स्त६ मध्ये ५ नाही. मग चारही घरांत ३ आणि ८ च येतात, आणि तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांत सारखे. आता या चार घरांत ३ च्या जागी ८ आणि ८ च्या जागी ३ लिहून पाहा. सातव्या व नवव्या ओळीत, दुसऱ्या व सहाव्या स्तंभात, आणि खालच्या डाव्या व मधल्या चौकटीत पूर्वीसारखाच एक ३ आणि एक ८ राहतो. बाकी जाळीला धक्काही लागत नाही. म्हणजे एक उत्तर असल्यास दुसरेही असणारच. कोड्याला उत्तर एकच आहे हे मान्य केले, तर ही परिस्थिती उद्भवू शकत नाही आणि ओ९स्त६ मध्ये ५ येतो.

येथे चार घरे दोनच चौकटींत आहेत, हे अत्यंत महत्त्वाचे. हाच आयत दुसऱ्या आणि सातव्या ओळीत असता, तर चार कोपरे चार वेगवेगळ्या चौकटींत पडले असते. अदलाबदल करताच एखाद्या चौकटीत दोन ८ झाले असते, आणि मग हा तर्क लागूच पडला नसता. पुस्तके ही अट बारीक अक्षरात लिहितात.

काटेकोर यांचे उत्तर

पेन्सिलवाला यांची शंका मला रास्त वाटते, आणि दुवेजोड यांनी ती थोडी सहज बाजूला सारली आहे. साखळीचा तर्क केवळ सुडोकूच्या नियमांवर उभा असतो. आयताचा तर्क कोडे तयार करणाऱ्यावरील विश्वासावर उभा असतो. हा विश्वास बहुतेक वेळा सार्थ ठरतो. पण मी स्वतः कोडी तयार करतो, आणि तयार केलेल्या कोड्याला एकच उत्तर आहे का हे तपासताना आयत वापरणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे होय. तेथे तो सर्वथा वर्ज्य आहे.

सोडवणाऱ्यालाही कधीकधी त्याचा फटका बसतो. काही वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रातील कोड्यात छपाईत एक अंक गळला होता. मी आयत वापरून ते झटपट सोडवले आणि समाधानाने चहा घेतला. शेजाऱ्यांनी मात्र वेगळ्या क्रमाने जाऊन वेगळे उत्तर काढले. दोन्ही जाळ्या नियमांनुसार बरोबर होत्या. कोड्यातच दोष आहे हे मला आयतामुळे कळलेच नाही. गॅरी मॅग्वायर यांच्या डब्लिनमधील गटाने २०१२ च्या प्रारंभी संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले की १६ अंक दिलेल्या एकाही कोड्याला एकच उत्तर असू शकत नाही; त्यामुळे १६ किंवा त्याहून कमी अंक दिसले तर आयत विसरून जावा. मात्र १७ किंवा अधिक अंक असणे ही एकमेव उत्तराची हमी नाही.

माझी पद्धत अशी आहे की आयत दिसला तर मी त्यावर बारीक खूण करतो, आधी साखळीने पुढे जाता येते का पाहतो, आणि अगदीच अडले तरच तो वापरतो.

दुवेजोड

काटेकोर यांचा मुद्दा मान्य. पुस्तकातील तपासलेल्या कोड्यात मी आयत निःशंकपणे वापरतो, अनोळखी ठिकाणच्या कोड्यात नाही.

पेन्सिलवाला यांना साखळ्या शोधण्यासाठी एक सूचना. गोव्यातील स्पर्धेचे विजेते अमेरिकेचे थॉमस स्नायडर यांच्या नावाने एक टिपणपद्धत ओळखली जाते: चौकटीत एखाद्या अंकाला दोनच जागा असतील तरच तो त्या दोन घरांत बारीक लिहायचा, एरवी काहीच लिहायचे नाही. अतिअवघड कोड्यांना ही टिपणे पुरत नाहीत, शेवटी सर्व शक्यता लिहाव्याच लागतात; पण स्नायडर पद्धतीने लिहिलेली प्रत्येक जोडी म्हणजे चौकटीतला एक दृढ दुवाच असतो. म्हणून सर्व शक्यता लिहिण्यापूर्वी त्या जोड्यांभोवती बारीक गोल करून ठेवावेत, आणि पुढे ओळींत व स्तंभांत अशाच जोड्या शोधून त्यांनाही गोल करावेत. एका वेळी एकच अंक घ्यावा. आपल्या कोड्यात ९ चे गोल केले, तर ओ५स्त८ च्या आसपास आणखी एक साखळी सापडण्याची शक्यता आहे. परंतु त्यासाठी उजव्या मधल्या चौकटीतील सर्व शक्यता येथे लिहाव्या लागतील.