वस्तीतल्या लढाईसाठी रोबो बनवतोय, घरात शिरताना नक्की काय नडतं?

निनाद_सांगली:
नमस्कार. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी प्रोजेक्टला शहरी लढाईसाठी छोटा रोबो घेतलाय. दारातून आत जाणार, कॅमेऱ्यानं खोली दाखवणार, जमलं तर जिना चढणार. सरांनी एकच विचारलं, "ज्याच्या हातात द्यायचं त्याला विचारलंत का?" आम्ही गप्प. इथं कुणी फौजेतले असतील तर सांगा. आणि रोबोवर हत्यार बसवावं का?

जुना_हवालदार:
सरांना माझा रामराम सांग पोरा. मी मराठा लाईट इन्फंट्रीचा, बेळगावला घडलो. १९८७ च्या ऑक्टोबरात श्रीलंकेत जाफन्यात होतो, शांतिसेनेत, लिट्टेच्या तमिळ बंडखोरांविरुद्ध. वय बावीस.

वस्तीतल्या लढाईला फौजेत फिबुआ म्हणतात, म्हणजे 'फायटिंग इन बिल्ट-अप एरियाज'. डोंगरात दुश्मन वर असतो हे तरी ठाऊक असतं. वस्तीत तो भिंतीपलीकडं असतो, पण कुठल्या भिंतीच्या ते कुणी सांगायचं? रस्त्यानं चालायची सोय नव्हती. खाली सुरुंग पुरलेला आणि त्याची वायर लांब कुठल्या तरी घरात गेलेली. मग आम्ही परसातनं जायचो, ताडाच्या पानांची कुंपणं तोडत, कंपाउंड फोडत. विद्यापीठात अडकलेल्या कमांडोंना काढायला टी-७२ रणगाडे गेले, तेही रस्ता सोडून रेल्वेच्या रुळावरनं.

आता हत्याराचं. आमच्याकडं एसएलआर. पावणेचार फूट लांब, वीस गोळ्यांचं मॅगझिन, एका दाबाला एक गोळी. उघड्या रानात सोन्यासारखी रायफल, पण खोलीत ओझं. समोरच्याकडं एके-४७, लांबी तीन फुटांच्या आत, मॅगझिन तीस गोळ्यांचं. दारातनं आधी नळी शिरायची, मग जवान. म्हणजे आतल्याला आधीच वर्दी.

एकदा संध्याकाळी एका घरात शिरलो. दिवे नव्हते. माझी नळी चौकटीला खटकन् आपटली. कोपऱ्यात काहीतरी होतं, माणसाएवढं. सेफ्टी कॅच कधीच पुढं गेला होता, बोट ट्रिगरवर. मागनं नाईक टॉर्च मारेपर्यंत दोन सेकंद गेले असतील. चुलीपाशी एक म्हातारी बसली होती, मांडीवर पितळेचं पातेलं घेऊन. पळून जायला पाय नव्हते तिचे, म्हणून मागं राहिलेली. पातेल्यात पेज होती. तिनं ती आमच्यापुढं केली.

तू विचारलंस काय नडतं. ते दोन सेकंद नडतात. हत्यार नको बसवूस, हत्यारं आमच्याकडं होतीच. आत कोण आहे तेवढं सांग.

दिघीवाला:
काका, वाचून गप्प झालो. मी या क्षेत्राच्या आसपास काम केलंय, म्हणून निनादसाठी थोडं.

लांब नळीवर आता उत्तरं आहेत. पुण्यात पाषाणला डीआरडीओची हत्यारांवर काम करणारी एआरडीई ही संस्था आहे, तिनं कॉर्नर शॉट बनवलंय. पिस्तूल बिजागरीवर वळतं, कॅमेरा लावलेला असतो, तुम्ही भिंतीआड राहून कोपऱ्यापलीकडं बघता. 'अस्मी' ही ९ मिमीची छोटी मशीन पिस्तूल महूच्या इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी मिळून केली. २०२४ मध्ये नॉर्दर्न कमांडला ५५० मिळाल्या. आमच्या दिघीचा 'दक्ष' रोबो जिना चढतो, पण तो बॉम्ब निकामी करायला, तुमच्या कामाला जड.

निनाद, तुमची खरी अडचण चाकं नाहीत, सिग्नल आहे. सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडल्या की रेडिओ मरतो, आणि जीपीएस तर घरात विसराच. युक्रेनमध्ये ड्रोनच्या मागं बारीक ऑप्टिकल फायबरची रीळ सोडतात, सिग्नल त्यातनंच जातो, जॅमिंगला म्हणजे रेडिओ दाबून टाकण्याला तोड म्हणून. तुम्हीही तसं करून बघा. फक्त दाराच्या फटीत फायबर अडकून तुटली की रोबो आतच राहिला.

चिराबाजार:
आमच्याकडचा एक धडा. २८ नोव्हेंबर २००८ ला सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे जवान हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. कराचीतनं अतिरेक्यांना फोनवर सूचना देणारेही टीव्ही बघत होते. तुमच्या रोबोचं चित्र दुसऱ्या कुणाला दिसणार नाही याचीही सोय करा.

जुना_हवालदार:
चिराबाजार, बरोबर. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर शीख लाईट इन्फंट्रीचे तीस जवान उतरले, एक वाचला, तोही कैदेत. उतरणार ही खबर वायरलेसवरनंच आधी फुटली होती, असं नंतर लिहिलं गेलंय.

दिघीवाला, भिंतीआडचं दाखवणारं रडार असतं म्हणतात. खरं का?

दिघीवाला:
खरं. डीआरडीओचं 'दिव्यचक्षु' आहे, बाहेरच्या देशांचीही आहेत. विटांच्या भिंतीतून लहरी जातात, पत्र्यातून नाही. पण पडद्यावर चेहरा दिसत नाही काका, ठिपका दिसतो. हालचाल पकडतं ते. श्वासानं छाती हलते, तेवढीही पकडणारी रडारं आहेत. पण ठिपका दहशतवाद्याचा की म्हातारीचा, ते नाही सांगत.

जुना_हवालदार:
म्हणजे तेव्हा ते असतं तर मला एक ठिपका दिसला असता, आणि ठिपका बघून मी अजून जोरात आत शिरलो असतो.

निनाद, मग तुझं खेळणंच बरं. पण त्याला दिवा लाव आणि बोलायला स्पीकर लाव. त्या वस्तीची भाषा त्यात भर. आम्हाला तमिळ दोन शब्द येत होते, तेही ओरडायचे. मोटरचा आवाज नको. चौकटीला आपटेल त्या बाजूला रबर.

निनाद_सांगली:
काका, स्पीकर आमच्या डिझाईनमध्ये नव्हताच. आज टाकतो. सध्या वजन सहा किलो आहे, बॅटरी चाळीस मिनिटं.

जुना_हवालदार:
सहा किलो कोण उचलणार? त्याच्या पाठीवर आधीच पाणी, गोळ्या, वायरलेस आहे. दोनवर आण, मग बोलू.