मदत हवी आहे : टाहो सरोवराकाठचा राज्य मार्ग २८ – फेरी कोणत्या दिशेने करावी?

नमस्कार. जूनच्या मध्यावर मी आणि सौ. नागपूरहून अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोला मुलीकडे जात आहोत. तेथून टाहो सरोवराला रस्त्याने पूर्ण फेरी घालायची असे तिने ठरवले आहे आणि फेरीची आखणी माझ्याकडे सोपवली आहे. मी सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालो असून रस्त्यांची आखणी आणि देखभाल हेच माझे आयुष्यभराचे काम होते, त्यामुळे हे काम मी आनंदाने अंगावर घेतले. वाचनातून जे पक्के कळले ते आधी मांडतो आणि मग प्रश्न विचारतो.

टाहो सरोवर सिएरा नेवाडा पर्वतरांगेत १,८९७ मीटर उंचीवर आहे. त्याची लांबी सुमारे ३५ किलोमीटर आणि कमाल खोली ५०१ मीटर आहे. सरोवराचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅलिफोर्नियात आणि उरलेला शेजारच्या नेवाडा राज्यात येतो. पश्चिम काठावर कॅलिफोर्नियाचा राज्य मार्ग ८९, दक्षिण आणि आग्नेय काठावर यूएस ५० हा महामार्ग, आणि उत्तर व ईशान्य काठावर राज्य मार्ग २८ असे तुकडे जोडले की सुमारे ११६ किलोमीटरची फेरी पूर्ण होते. यांपैकी २८ क्रमांकाचा रस्ता टाहो सिटी येथे ८९ पासून निघतो, किंग्ज बीचवरून क्रिस्टल बे येथे राज्याची सीमा ओलांडतो आणि पलीकडेही तोच क्रमांक घेऊन इन्क्लाइन व्हिलेज आणि सँड हार्बरमार्गे स्पूनर सरोवराजवळ यूएस ५० ला मिळतो. कॅलिफोर्नियात त्याची लांबी सुमारे १८ किलोमीटर आहे, नेवाडात सुमारे २६.

मला या रस्त्याचा इतिहास त्याच्या निसर्गाइतकाच महत्त्वाचा वाटतो. १८५९ मध्ये पूर्वेकडच्या व्हर्जिनिया सिटी येथे कॉमस्टॉक ही चांदीची प्रचंड शीर सापडली. तेथील खडक ठिसूळ होता, त्यामुळे १८६० मध्ये फिलिप डायडेशायमर या अभियंत्याने जाड तुळयांचे चौकोनी सांगाडे एकमेकांवर रचून खाण तोलून धरण्याची पद्धत शोधली आणि त्या तुळयांसाठी टाहोच्या काठची जंगले तुटू लागली. ओंडक्यांचे तराफे वाफेच्या बोटींनी ओढत पूर्व काठावरच्या ग्लेनब्रुकला आणले जात, तेथे ते चिरले जात, १८७५ पासून अरुंद रुळांच्या रेल्वेने स्पूनर खिंडीपर्यंत चढवले जात आणि पलीकडे पाण्याच्या लाकडी पन्हळीतून कार्सन सिटीकडे सोडले जात. उत्तरेला १८८० मध्ये डोंगराच्या चढावर रुळांचा तिरका मार्ग (इन्क्लाइन) बांधून लाकूड माथ्यावर चढवले गेले. इन्क्लाइन व्हिलेज हे नाव त्या मार्गावरूनच पडले आहे. आज तेथे दिसणारे दाट जंगल बहुतांशी त्या तोडीनंतर पुन्हा वाढलेले आहे, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

काठाने सलग रस्ता नव्हता तेव्हा टपाल आणि प्रवासी आगबोटीने जात. १८९६ मध्ये पाण्यात उतरलेली ‘टाहो’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध आगबोट; मोटार रस्त्यांनी तिचे काम काढून घेतले आणि १९४० मध्ये ती सरोवरातच बुडवण्यात आली. आग्नेय काठावर पाण्यात घुसलेल्या केव्ह रॉक या कड्याला आधी बाहेरून लाकडी पुलाने वळसा घातलेला होता, १९३१ मध्ये त्यातून पहिला बोगदा काढला गेला आणि १९५७ मध्ये दुसरा. हा कडा वाशो या तेथील मूळ रहिवाशांसाठी पवित्र आहे, आणि बोगदे काढताना त्यांचे कोणी ऐकले नाही, याची खंत एक रस्तेबांधणी करणारा माणूस म्हणून मला वाटते.

आता प्रश्न. सौ.ना दरीच्या कडेने जाताना भोवळ येते. चिखलदऱ्याच्या घाटातही त्यांना डोळे मिटून बसावे लागते. शिवाय नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर, त्यामुळे एकदम एवढ्या उंचीवर जाण्याचीही थोडी काळजी आहे. अशा स्थितीत फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालावी की उलट? एका दिवसात उरकावी की मुक्काम करावा? आणि सँड हार्बरच्या किनाऱ्यावर थांबायचे असेल तर गाडी कोठे लावावी? ज्यांनी स्वतः हा रस्ता पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

काका, मी काही वर्षे टाहोजवळच्या रेनो शहरात राहून आता नागपूरला परतले आहे. हा रस्ता मला सर्व ऋतूंत ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे काट्यांच्या दिशेने गेलात तर सरोवर उजव्या हाताला आणि तुमची मार्गिका पाण्याच्या बाजूची. उलट दिशेने गेलात तर तुमची गाडी डोंगराच्या बाजूने राहील आणि दरीच्या व तुमच्या मध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची मार्गिका असेल. काकूंसाठी उलट दिशाच योग्य आहे. मात्र त्यांना त्रास देईल तो भाग २८ वर नाही, तो ८९ वर एमरल्ड बेजवळ आहे. तेथे रस्ता कड्यात कोरलेला आहे आणि खाडी संपताच तो एका अरुंद कण्यावरून जातो, जेथे एका बाजूला एमरल्ड बे आणि दुसऱ्या बाजूला कॅस्केड सरोवर आहे. त्या थोड्या अंतरात दोन्हीकडे उतार असल्याने कोणतीही दिशा निवडली तरी फरक पडत नाही. काकूंना आधी कल्पना देऊन ठेवावी, हे बरे. हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे हाच भाग बंद ठेवावा लागतो. जूनच्या मध्यावर सहसा ती अडचण नसते.

एका दिवसात फेरी होते, पण करू नये. न थांबता अडीच-तीन तास पुरतात, परंतु उन्हाळ्यातील गर्दीत हा हिशोब कोलमडतो. उत्तरेकडच्या ट्रकी गावावरून टाहो सिटीला या, पश्चिम काठाने दक्षिणेकडे निघा आणि एमरल्ड बे दुपारच्या आत गाठा, कारण ती खाडी पूर्वेकडे उघडते आणि सकाळच्या उन्हात तिचा रंग सर्वांत चांगला दिसतो. साउथ लेक टाहोला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी लवकर निघून केव्ह रॉक आणि स्पूनरमार्गे २८ ला लागा, म्हणजे सकाळीच सँड हार्बरला पोहोचाल. पहिल्या दिवशी पाणी भरपूर प्या आणि जास्त चढउतार टाळा. उंचीची काळजी बहुतेकांच्या बाबतीत एवढ्यानेच मिटते, तरी काकूंच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

प्रतिसाद २

वाहनतळाच्या प्रश्नामागे बराच इतिहास आहे, म्हणून भर घालतो. १९३० च्या दशकात जॉर्ज व्हिटेल या धनिकाने नेवाडाच्या काठावरील सुमारे ४०,००० एकर जमीन विकत घेतली आणि थंडरबर्ड लॉज हे दगडी घर बांधून उरलेला बहुतेक काठ तसाच मोकळा ठेवला. पुढे त्यातील मोठा भाग राज्य उद्यानात आणि राष्ट्रीय वनात गेला. इन्क्लाइनपासून स्पूनरपर्यंत २८ च्या दोन्ही बाजूंना वस्ती जवळजवळ दिसत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

पूर्व काठाच्या मार्गाला १९९६ मध्ये राष्ट्रीय निसर्गरम्य मार्गाचा दर्जा मिळाला. रस्ता दोनच मार्गिकांचा आणि वळणांचा असल्याने गर्दी वाढली तशी लोक कडेलाच गाड्या लावून भर रहदारीतून किनाऱ्याकडे चालू लागले. त्यावर रस्ता रुंद करण्याऐवजी माणसांना रस्त्यावरून बाजूला घेण्याचा मार्ग निवडला गेला: २०१९ मध्ये इन्क्लाइन ते सँड हार्बर अशी सुमारे पाच किलोमीटरची पायी आणि सायकलने जाण्याची वेगळी वाट खुली झाली आणि उन्हाळ्यात सँड हार्बरसाठी बस चालते. तेव्हा हमरस्त्याच्या कडेला गाडी लावण्याचा विचारही करू नका. आपण अभियंता आहात म्हणून आणखी एक सांगतो. टाहोच्या खोऱ्यातले सांडपाणी, प्रक्रिया केल्यानंतरही, सरोवरात सोडले जात नाही. इन्क्लाइनचे प्रक्रिया केलेले पाणी याच २८ च्या खालून गेलेल्या वाहिनीतून खोऱ्याबाहेर नेले जाते. रस्त्यांवरून वाहून जाणारी बारीक माती हेही पाणी गढूळ होण्याचे मोठे कारण ठरले आहे. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी सोडलेली पांढरी तबकडी १९६८ च्या सुमारास सुमारे ३१ मीटर खोलीपर्यंत दिसे, अलीकडे ती वीस मीटरच्या आसपास दिसेनाशी होते. म्हणून रस्त्यालगतची गटारे आणि गाळ अडवणाऱ्या टाक्या मुद्दाम पाहा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दिशा ठरली: टाहो सिटीपासून काट्यांच्या उलट, दक्षिणेला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी २८. पाण्याची वाहिनी रस्त्याखालून जाते हे मला ठाऊक नव्हते. एवढ्या अरुंद रस्त्याच्या पोटात वाहिनी असेल तर तिच्या दुरुस्तीसाठी रस्ता खोदताना रहदारी कशी वळवत असतील, हा विचार आता मनातून जात नाही.

एक शंका मात्र उरली. उलट दिशेने जाताना स्पूनरहून उत्तरेकडे येऊ तेव्हा सँड हार्बरचे प्रवेशद्वार डाव्या हाताला येईल, म्हणजे समोरची रहदारी ओलांडून वळावे लागेल. मुलगी गाडी चालवणार आहे आणि मागे गाड्यांची रांग असताना तिने घाई करू नये असे मला वाटते. तेथे डावीकडे वळण्यासाठी थांबायला वेगळी जागा आहे का?

प्रतिसाद १

काका, प्रवेशद्वाराशी वळण्यासाठी जागा आहे, पण वाहनतळ भरला असेल तर परत फिरवतात. तसे झाले तर सरळ इन्क्लाइनपर्यंत या, तेथे गाडी लावा आणि बसने किंवा त्या नव्या वाटेने मागे जा. आणि काकूंना सँड हार्बरपर्यंत मागच्या आसनावर उजवीकडे, डोंगराच्या बाजूला बसवा. इन्क्लाइननंतर उतार सौम्य होतो आणि किंग्ज बीचला तर रस्ता जवळजवळ पाण्याच्या पातळीवर येतो, तेव्हा तेथून टाहो सिटीपर्यंत त्यांना डावीकडची जागा द्या.