पोरं मोबाईलमुळं एकटी पडली, का एकटी होती म्हणून मोबाईलकडं गेली?

मंगळवारपेठकर
माझा भाचा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला हाय. सुट्टीला कोल्हापुरात आमच्याकडं आला आणि आठ दिवसांत एकदापण जिना उतरला नाही. ताट खोलीत, कानात इयरफोन, रात्री अडीचला दाराखालनं उजेड. विचारलं तर म्हणतो मामा माझे मित्र ऑनलाइन हायत. आणि परवा रात्री रडत होता, म्हणाला बोलावं असं कोणच नाही. माझ्या पोटात कालवलं. आमच्या वेळी पेठेतल्या पोराला एकटं राहीन म्हटलं तरी जमायचं नाही, सकाळी तालीम, संध्याकाळी कट्टा, सीझनला शाहू स्टेडियमवर मॅच, दोन दिवस दिसला नाही तर कोणतरी दारात येऊन हाक मारायचं. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावनं २०२२ ला सुरू केलं, संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की दीड तास अख्ख्या गावात टीव्ही, मोबाईल बंद. आपल्या तालमींनी पेठापेठांत हेच सुरू करावं असं माझं स्पष्ट मत हाय.

उपनगरातली
दादा, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. पण ती तालीम, तो कट्टा, ते स्टेडियम कुणाचं होतं? पोरांचं. मी पण ह्याच शहरात वाढले, माझं जग म्हणजे घर, शाळा, क्लास आणि सातच्या आत परत. दहावीत बाबा गेले तेव्हा घरात सगळे एकमेकांसमोर धीराचं तोंड करून बसायचे, मनातलं बोलायला मला जी भेटली ती नेटवर, नागपूरची, तिचेपण वडील गेलेले. आठ वर्षं झाली, अजून रोज बोलतो. त्या वर्षी सातला भोंगा वाजवून माझा फोन काढून घेतला असता तर मी कुणाशी बोलले असते? २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा कोण कुठं अडकलंय हे आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरच कळत होतं.

मंगळवारपेठकर
पुराचं बरोबर. पण पूर आठ दिवस असतो, हे रोजचं हाय.

शिकवतो_मी
दोघांच्या मध्ये बोलतो. अमेरिकेत पिट्सबर्गला रॉबर्ट क्राऊट आणि सहकाऱ्यांनी नव्यानं इंटरनेट घेतलेल्या घरांचा अभ्यास केला होता. १९९८ ला निष्कर्ष आला की जितका वापर जास्त तितकं घरच्यांशी बोलणं कमी आणि एकटेपणा थोडा जास्त. लोक हे एवढंच सांगतात. पण त्याच लोकांना काही वर्षांनी परत तपासलं तर तो परिणाम बराचसा ओसरला होता, आणि दुसऱ्या नव्या गटात असं दिसलं की बोलक्या, माणसांत रमणाऱ्यांना नेटचा फायदा झाला, बुजऱ्यांचा एकटेपणा मात्र वाढला. माझ्या वर्गात मला अगदी हेच दिसतं. ज्याला चार मित्र हायत तो फोनवरनं रंकाळ्यावर भेटायचं ठरवतो, ज्याला कोण नाही तो त्याच फोनवर दुसऱ्यांचे रंकाळ्यावरचे फोटो बघत बसतो. म्हणून सगळ्यांना एकच भोंगा मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५ च्या अहवालात जगात ६ पैकी १ माणूस एकाकी असं म्हटलंय, आणि गरीब देशांत ते प्रमाण २४ टक्के तर श्रीमंत देशांत ११ च्या आसपास. नुसत्या नेटचा दोष असता तर हे उलटं दिसायला पाहिजे होतं ना?

मंगळवारपेठकर
सर, आकडे मान्य. पण मग त्या बुजऱ्याचं काय करायचं? त्याला नेटनं आणखी आत ढकललं हे तुम्हीच म्हणताय.

राजारामपुरी_रूम
तो बुजरा मीच. गडहिंग्लजकडचा, स्पर्धा परीक्षेला इथं रूम घेऊन राहतोय, दिवसाला सहा-सात तास फोन. अभ्यास त्यातले दोन. रील बघताना एकटं वाटत नाही, बंद केली की एकदम वाटतं, मग परत चालू करतो. घरी सांगत नाही कारण ते पैसे पाठवतात आणि ह्याला काय कमी हाय असं म्हणतील. कोणी फोन काढून घेतला तर मी रूममध्ये तसाच बसेन, भिंतीकडं बघत. एकदा मेसच्या काकूंनी विचारलं, काल का आला नाहीस रे. त्या दिवशी मी फोन कमी बघितला, का ते सांगता येत नाही. टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन हाय, तिच्या १४४१६ वर पण एकदा बोललो, बरं वाटलं. काका, भाच्याला रागावू नका. सकाळी गंगावेशला दूध प्यायला न्या, फोन खिशात असला तर असू दे.

उपनगरातली
आणि वाटेत लगेच प्रश्न विचारू नका.

मंगळवारपेठकर
उद्या साडेपाचला उठवतो. भोंग्याचं मत माझं अजून हाय तसंच हाय, पण उद्या नेतो. राजारामपुरीवाल्या भावा, तूपण ये, सहाला दूध कट्ट्यावर.