अनुभव धागा : लोकगीते, लहान मुले आणि लुटुपुटूचे खेळ

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर लोकगीते म्हणताना आपण घरी, बालवाडीत किंवा अंगणवाडीत जे खेळ घेतले असतील, त्यांचे अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. स्नेहसंमेलनासाठी बसवलेल्या नाचांपेक्षा रोजच्या खेळात कोणते गाणे चालले, कोणते फसले आणि कुठे बदल करावा लागला, हे वाचायला अधिक आवडेल.

बालवाडी शिक्षिका, पुणे

‘श्रीकांता कमलाकांता’ हे भोंडल्याचे गाणे मी लहानपणी पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून असंख्य वेळा म्हटले होते, पण त्यात लुटुपुटूचा अख्खा खेळ दडलेला आहे, हे मला वर्गातल्या मुलांनी दाखवले. गाण्यातला वेडा बायकोने केलेल्या करंज्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो, आणि एका वस्तूला दुसरी मानणे हेच तर चार वर्षांचे मूल दिवसभर करीत असते. मी मधोमध एक टोपली ठेवते. तीत कापडाच्या करंज्या, रिकामी रिळे आणि जुन्या बांगड्या असतात. फेर थांबला की ज्याची पाळी असेल त्याने डोकावून एक वस्तू उचलायची आणि तिचे काहीतरी करायचे. पहिल्या वर्षी एकाने करंजी कानाला लावून ‘हॅलो’ म्हटले, तेव्हा मी ‘अरे, ती होडी आहे ना?’ असे बोलून गेले आणि खेळ जागच्या जागी संपला. आता मी गप्प राहते. मध्यंतरी एका मुलीने बांगडी दोन्ही हातांत धरून रिक्षा सुरू केली, तिच्यामागे तीन प्रवासी लागले, फेर मोडला आणि गाण्याची चाल मात्र सगळ्यांच्या तोंडी तशीच राहिली.

झोपलेल्या बायकोला मेली समजून जाळण्याचे कडवे मी गाळते आणि ‘वेडा’ या शब्दाच्या जागी त्या मुलाचे नाव घालते. त्यावरून एका आजींनी माझे कान उपटले. पण ही गाणी गावोगाव वेगवेगळी म्हटली जातात, हे त्यांनी स्वतःच्या माहेरची आणि सासरची कडवी आठवून शेवटी मान्य केले.

आजी, सातारा

आमच्याकडे भोंडल्याला हादगा म्हणतात. फुगडीबाबत मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. साडेतीन वर्षांच्या नातीला मी मनगटे धरून गरगर फिरवले आणि तिने एकदम हात खाली सोडून रडायला सुरुवात केली. कोपरातले हाड किंचित सरकले होते. डॉक्टरांनी क्षणात बसवले, पण रात्रभर माझा डोळा लागला नाही. या वयात हाताला हिसका बसला की असे सहज होते, हे मला तेव्हा कळले. तेव्हापासून फिरण्याची फुगडी बंद केली असून आम्ही समोरासमोर उकिडव्या बसून, हात न धरता, कोंबडा ही बसून खेळायची फुगडी करतो. त्यात पडण्याची जी मौज आहे, ती उभ्या फुगडीत नाही, असे तिचे मत आहे.

निवृत्त बालवाडी ताई, डहाणू तालुका

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले आणि अनुताई वाघांनी ते पुढे सांभाळले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. माझ्या अंगणातली मुले वारली या आदिवासी समाजातली होती. त्यांना शहरी बडबडगीतांवर टाळ्या वाजवायला लावणे मला कधी पटले नाही. एखादे मूल पपईच्या देठाचा तारपा, म्हणजे नाचाच्या वेळी फुंकून वाजवायचे वाद्य, करी, तोंडानेच सूर काढी आणि बाकीची एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्यामागे साखळी करून चालत. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा मोठ्यांच्या नाचातला नियम त्यांना पाठ होता. त्यामुळे तारपेवाला वळला की सगळी साखळी वळे, तो हळू झाला की पावलेही हळू पडत. ‘रांगेत चला’ असे मला सांगावे लागले नाही. तारपेवाला होण्यावरून भांडणे मात्र रोज होत.

आई, लंडनजवळ

‘अक्कण माती चिक्कण माती’ हे आमचे आवडते, कारण त्यात खड्डा खणण्यापासून पालखी माहेरी धाडण्यापर्यंत अंगाला सतत काम आहे. सासर मारते, ही ओळ मी सध्या म्हणत नाही. गाण्यातले दळायचे जाते येथे कोणी पाहिलेले नाही. मी हाताने गोल फिरवून दाखवले, तरी मुलाला ते पटेना. रवापिठी काढायची वेळ आली की तो उशीवर तळवा दाबून ‘घुर्रर्र’ करतो आणि मला बजावतो, ‘आई, झाकण घट्ट धर, नाहीतर सगळीकडे उडेल.’