लशीनंतर चिंगीचं तोंड सुजलं, पुढची लस द्यावी का?

गौरी_कोथरूड
नमस्कार. आमची चिंगी डॅशहुंड, चार वर्षांची, साडेसहा किलो. शनिवारी संध्याकाळी तिला वर्षाच्या लशी दिल्या, नाइन-इन-वन (डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो वगैरे रोगांवरची एकत्र लस) आणि अँटी-रेबीज एकाच वेळी. टोचून झाल्यावर लगेच घरी आलो. तासाभराने ती सतरंजीवर नाक घासायला लागली. उचलून घेतली तर डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या, ओठ जाड झालेले, आणि पोटावरून हात फिरवला की केसांखाली गांधी लागत होत्या. तोवर दवाखाना बंद झालेला, फोन कुणी उचलेना. रिक्षा करून रात्री चालू असणाऱ्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथे दोन इंजेक्शनं दिली, पहाटेपर्यंत सूज उतरली.

आता छान आहे, जेवते आहे. पण सासूबाई म्हणतात, घरातच तर असते, पुन्हा टोचायचं नाही. मला रेबीजची भीती वाटते आणि त्या रात्रीचीही. कुणाकडे असं झालंय का? पुढच्या वर्षी तुम्ही काय केलंत?

ठाणेकर_अजय
आमच्या पगला अगदी असंच झालं होतं. तेव्हापासून दोन लशी एका दिवशी कधीच देत नाही, मध्ये तीन आठवडे जाऊ देतो. लसही सकाळीच देतो, म्हणजे काही झालं तर दवाखाना दिवसभर उघडा असतो. चार वर्षं झाली, पुन्हा त्रास नाही.

गुरांचा_डॉक्टर
गौरीताई, तुम्ही वेळ न दवडता नेलंत हे फार बरं केलंत.

लशीनंतर दिवसभर मलूल राहणं, थोडा ताप, टोचल्या जागी दुखणं हे नेहमीचं आहे, एक-दोन दिवसांत ओसरतं. तोंड सुजणं आणि गांधी ही ॲलर्जी. याच्याही पुढची पायरी म्हणजे अचानक उलट्या-जुलाब, हिरड्या पांढऱ्याफटक पडणं, कुत्रं कोसळणं. ते बहुतेक वेळा काही मिनिटांत ते तासाभरात होतं, आणि तेव्हा ॲड्रेनॅलिनच लागतं. म्हणून लस दिल्यावर निदान अर्धा तास दवाखान्यातच बसा.

अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. लशीनंतर तीन दिवसांत दर दहा हजारांमागे साधारण 38 कुत्र्यांना काही ना काही त्रास झाल्याची नोंद होती. म्हणजे प्रमाण कमीच. पण कुत्रं लहान असेल आणि एका भेटीत जास्त लशी दिल्या तर धोका वाढतो असं त्यात दिसलं, आणि जास्त त्रास होणाऱ्या जातींत डॅशहुंड आणि पग दोन्ही होत्या. चिंगीच्या बाबतीत हे सगळं जुळून आलं. दोन्ही लशी एकदम दिल्याने नक्की कोणती बाधली हेही आता सांगता येणार नाही.

लस कार्डावरची दोन्ही लेबलं बघा. कंपनी, बॅच नंबर आणि काय झालं ते कार्डावरच लाल शाईने लिहून घ्या, आणि ज्या डॉक्टरांनी लस दिली त्यांनाही कळवा. पुढच्या वेळी समोर कुणीही डॉक्टर असले तरी ते आधी वाचतील.

रेबीज चुकवू नका. एकदा लक्षणं दिसली की त्याला इलाज नाही, आणि गेटबाहेरचं कुत्रं किंवा गच्चीवरचं मांजर चावायला एक क्षण पुरतो. परवान्यालाही त्याचं प्रमाणपत्र लागतं. डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंच्या रोगांचं वेगळं आहे. लहानपणीचा कोर्स आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर जागतिक मार्गदर्शनानुसार त्या तीन वर्षांतून एकदा पुरतात. रक्त तपासून प्रतिकारशक्ती टिकून आहे का तेही बघता येतं. लेप्टोला (उंदीर-घुशींच्या लघवीतून, साचलेल्या पाण्यातून पसरणारा रोग) मात्र ती तपासणी कामाची नाही, ती लस दरवर्षी लागते. तुमच्याकडे पावसाचं पाणी साचतं का, घुशी आहेत का, हे सांगून डॉक्टरांशी ठरवा.

गौरी_कोथरूड
खूप आभार डॉक्टर. तळमजल्यावर राहतो, घुशी आहेत. एक विचारू? वजन कमी म्हणून अर्धा डोस दिला तर?

गुरांचा_डॉक्टर
नाही. लशीचा डोस वजनावर नसतो. अर्ध्या डोसाने संरक्षण मिळेल याचा भरवसा नाही, आणि ॲलर्जीला थेंबही पुरतो. लशीआधी ॲलर्जीचं इंजेक्शन देता येतं, पण ते दिलं तरी अर्धा तास थांबायचंच. घरातल्या गोळ्या मनाने देऊ नका.

मनीमाऊ_नाशिक
मांजरवाल्यांसाठी थोडं लिहिते. लस टोचलेल्या जागी गाठ आली तर तारीख लिहून ठेवा. तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच असेल, यातलं एक जरी दिसलं तरी तुकडा काढून तपासायला सांगा. क्वचित त्यातून कर्करोग होतो. आमच्या सोनीला आता मानेऐवजी पायात खाली टोचतात, तेही याचसाठी. तिची गाठ वाटाण्याएवढी होती, पाच आठवड्यांत विरली, पण मी रोज रात्री चाचपून बघायचे.

गौरी_कोथरूड
जवळजवळ वर्षाने धागा वर काढते आहे. आज सकाळी नऊला फक्त रेबीज दिली, आधी ॲलर्जीचं इंजेक्शन. सासूबाई स्वतः सोबत आल्या होत्या. चिंगीला मांडीवर घेऊन पाऊण तास बाकावर बसल्या आणि दर थोड्या वेळाने ओठ उचलून हिरड्या बघत होत्या. गुलाबीच राहिल्या. आता दुपारचे चार वाजलेत, ती दारात उन्हात झोपली आहे. लेप्टोची लस चार आठवड्यांनी, तीही सकाळीच.